डोळ्यातल्या भिंगाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायला घेतेस तर

संभाजीनगरच्या खाटकाकडून बकऱ्याचे डोळे आणशील तर मे महिन्यात बर्फाचा डबा हवाच. कोवळ्या जनावराचं भिंग गारठ्यानं धुरकटतं, ऊब मिळाली की निवळतं. मोतीबिंदू समजून फेकू नकोस.

पेशींचा एकच थर, तोही पुढच्या आवरणाला आतून चिकटलेला. मागे शोधण्यात वेळ जाईल. विभाजन मुख्यतः कडेच्या पट्ट्यात होतं. तिथल्या पेशी लांबतात, केंद्रक गमावतात, तंतू बनतात.

पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण आणण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड दर वेळी ताजं पातळ कर. आणि पेशींची दाटी नोंदव, बाई! दाट थर पेरॉक्साइड झपाट्यानं पचवतो, विरळ थर त्याच मात्रेत मरतो. निम्मे गोंधळ इथलेच. ग्लुटाथायोन (या ताणापासून पेशीला वाचवणारं तिच्यातलंच रसायन) मोजायचं असेल तर नमुना लगेच बर्फावर ठेव.