दुर्बिणीची शस्त्रक्रिया घरबसल्या शिकता येते का?

प्रश्न: आम्ही हर्णैचे, घरचा मासेमारीचा व्यवसाय. मुलगी एमबीबीएस होऊन यंदा जनरल सर्जरीच्या एमएसला लागली आहे. तिला पुढे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियाच करायच्या आहेत. पण पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांच्या हाती फार तर कॅमेरा येतो, असं ती सांगते. आता एका ऑनलाइन कोर्सची जाहिरात आली आहे: संगणकावरच्या सिम्युलेशनवर (आभासी सरावावर) 6 महिन्यांत लॅप्रोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची शस्त्रक्रिया, शिका, फी 80 हजार. भरू का? की सुट्टीत तिला मुंबईला पाठवू?
— एक पालक

उत्तर: सप्रेम नमस्कार. 80 हजार आत्ता भरू नका. वेबवरचं सिम्युलेशन उपयोगाचं आहे, पण या जाहिरातीत सांगितलंय त्या कामासाठी नाही.

का ते तुम्हाला वल्ह्यावरून लगेच कळेल. मूठ पुढे ढकलली की पातं मागे जातं, कारण वल्हं होडीच्या कडेवर टेकलेलं असतं. पोटाच्या भिंतीत 5 किंवा 10 मिलिमीटरची नळी बसवतात, तिला ट्रोकार म्हणतात. उपकरण तिथे टेकतं आणि हात डावीकडे गेला की आतलं टोक उजवीकडे जातं. उपकरण निम्मं आत, निम्मं बाहेर असेल तर हात जितका हलेल तितकंच टोक हलतं. जास्त आत गेलं की हाताच्या जराशा हालचालीने टोक भलतीकडे पोचतं. त्यात चित्र सपाट पडद्यावर, म्हणजे खोलीचा अंदाज येत नाही, आणि बोटांना स्पर्श जवळजवळ कळत नाही. ही सवय माऊस फिरवून लागणार नाही. माऊस उजवीकडे नेला की बाण उजवीकडेच जातो.

मग पडद्यावर काय शिकता येतं? नजर आणि निर्णय, आणि हे काही कमी नाही. पित्ताशय काढताना सर्वांत वाईट इजा होते ती मुख्य पित्तनलिकेला. ती बहुतेक वेळा हात घसरून होत नाही. डोळा फसतो, मुख्य नलिकाच पित्ताशयाची नलिका वाटते आणि निर्धास्तपणे कापली जाते. म्हणून कापण्याआधी तीन गोष्टी डोळ्यांनी दिसल्याच पाहिजेत: यकृत आणि नलिकांमधला त्रिकोण चरबी-पडद्यांपासून मोकळा झालेला, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सुटलेला, आणि पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच गोष्टी, एक नलिका आणि एक रक्तवाहिनी. चांगलं वेब-सिम्युलेशन नेमक्या अशा क्षणी चित्र थांबवतं, ‘आता कुठे कापाल?’ विचारतं आणि तिच्या खुणेशेजारी अनुभवी सर्जनची खूण दाखवतं. नुसतं पाहत बसण्यात आणि असं उत्तर देण्यात फार फरक आहे. व्हिडिओंसाठी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या इरकाड संस्थेचं वेबसर्ग मोफत आहे. तिने एकच ऑपरेशन तीन वेगवेगळ्या सर्जनचं पाहावं आणि प्रत्येक टप्प्याआधी थांबवून पुढची पायरी वहीत लिहावी.

सिम्युलेशनचा पुरावा म्हणून येल विद्यापीठातला 2002 चा अभ्यास नेहमी सांगितला जातो. 16 शिकाऊ सर्जन होते. सिम्युलेटरवर शिकलेल्यांनी पित्ताशय सोडवण्याचं काम 29 टक्के जलद केलं; न शिकलेल्यांकडून पित्ताशयाला इजा किंवा भलतीकडे भाजणं सुमारे 5 पट अधिक संभवत होतं. पण त्या यंत्राला उपकरणांसारख्या खऱ्या मुठी होत्या आणि तज्ज्ञांची पातळी गाठेपर्यंत सराव करून घेतला होता. घरच्या लॅपटॉपला हा निकाल लावू नये.

हातासाठी बॉक्स ट्रेनर, म्हणजे सरावाची पेटी लागते, ती घरी बनते. सुमारे 40 सेंटिमीटर लांबीचा झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत एलईडी पट्टी, झाकणावर वायरचा यूएसबी कॅमेरा. वायफायचा कॅमेरा नको. चित्र पाव सेकंद जरी मागे राहिलं तरी हात चुकीचं शिकतो. झाकणाला रबरी वायसर लावलेली दोन भोकं अशी पाडा की दोन्ही उपकरणांची टोकं आत साधारण 60 अंशांच्या कोनात भेटतील. समांतर ठेवली तर ती एकमेकांवर आपटत राहतात. पडदा डोळ्यांच्या किंचित खाली, आणि टेबल इतकं बुटकं की कोपर अंगाजवळ राहील. खांदे उचलले गेले की दहा मिनिटांत हात थरथरतो. उपकरणं सरावासाठीची नवी घ्या: एक मेरीलँड (वाकड्या टोकाचा चिमटा), एक ग्रास्पर (पकडायचा चिमटा), एक कात्री, एक नीडल होल्डर (सुई धरायचं उपकरण). ऑपरेशन थिएटरमधली टाकून दिलेली घरी आणू नयेत, तो जैववैद्यकीय कचरा असतो. आणि आपली खारी हवा लक्षात ठेवा. वापरून झाल्यावर सांधा उघडून पुसायचा, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब द्यायचा, सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवायचं. नाहीतर एका पावसाळ्यात जबडे गंजून अडतात.

सराव मनाने ठरवू नये. अमेरिकेत सर्जनांसाठी असलेल्या एफएलएस परीक्षेत पाच कामं असतात: सहा वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात देत खुंट्यांवर लावणं, गॉजवरचं वर्तुळ कापणं, फास अडकवणं, बाहेर गाठ बांधून आत सरकवणं आणि आतच गाठ मारणं. खुंट्यांच्या कामाला परीक्षेत जास्तीत जास्त 300 सेकंद मिळतात. सरावाचं लक्ष्य मात्र 48 सेकंद, लागोपाठ दोनदा, आणि त्यानंतर आणखी 10 वेळा. आतल्या गाठीला 600 सेकंद मिळतात, लक्ष्य 112. गाठीसाठी रबरी हातमोज्याच्या बोटाला चीर पाडून दोन्ही कडांना ठिपके काढायचे. दोरा 15 सेंटिमीटर. लांब घेतला की गुंततो. पहिला वेढा दुहेरी, मग दोन एकेरी, दर वेळी हात बदलून. इथे बहुतेकजण घड्याळाच्या मागे लागतात: ठिपका चुकतो, मोजा फाटतो, तरी वेळ कमी झाल्याचा आनंद होतो. तिने आधी बिनचूक काम करावं, वेळ नंतर. आणि डाव्या हातालाही तितकंच काम द्यावं. रविवारी सलग चार तास बसण्यापेक्षा रोजची 20-25 मिनिटं हाताला जास्त टिकतात.

आता वेबची खरी मदत. बॉक्समधला व्हिडिओ तिने शिक्षकांना पाठवावा आणि गोल्स या पद्धतीने गुण मागावेत: खोलीचा अंदाज, दोन्ही हातांचा मेळ, वायफळ हालचाली, ऊती हळुवार हाताळणं, स्वतंत्रपणे काम, प्रत्येकी 1 ते 5. टोरांटोच्या सर्जनांनी बोट्स्वानातल्या डॉक्टरांना एफएलएसची कौशल्यं अशीच इंटरनेटवरून, दोन्हीकडे बॉक्स ठेवून शिकवली. रुग्णांचे व्हिडिओ मात्र परवानगीशिवाय कुठेही चढवायचे नाहीत, नाव झाकलं तरी.

कोर्सवाल्यांना फोन करून तीनच प्रश्न विचारा. हातात धरायचं उपकरण देता का? व्हिडिओ पाहून गुण कोण देतं, तो सर्जन आहे का? उत्तीर्ण व्हायला वेळ आणि चुकांची मर्यादा काय? ‘प्रमाणपत्र मिळेल’ हे उत्तर यातल्या कशाचंच नाही.

मुंबईची घाई पहिल्या वर्षी नको. एमएसच्या मधल्या काळात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं. तिथे दुर्बीण हाती येईलच असं नाही, म्हणून बॉक्स बरोबर न्यावा. एमएसनंतर दुर्बिणीच्या सर्जनांच्या अमासी संघटनेची एफएमएएस फेलोशिप किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची दोन वर्षांची एफएनबी फेलोशिप आहे. पैसे राखून ठेवायचे ते त्या वेळेसाठी.

या आठवड्यात तिने एवढंच करावं: कॉलेजच्या स्किल्स लॅबमध्ये बॉक्स ट्रेनर आहे का पाहावं, आणि असेल तर संध्याकाळी लॅब उघडी मिळावी म्हणून विभागप्रमुखांना लेखी विचारावं. परवानगी मिळाली तर डबा बनवायचीही गरज उरणार नाही.