झोर्बा खरा, पण क्रीटचा नव्हे

प्रश्न : ‘झोर्बा द ग्रीक’ हा चित्रपट पाहून मूळ कादंबरी वाचली. झोर्बा नावाचा माणूस खरोखर होता का? आणि तिचे लेखक निकोस कझांझाकिस यांचा उल्लेख काही ठिकाणी आधी कवी म्हणून का केला जातो?
— एक वाचक, सांगली

उत्तर : होता. त्याचे नाव योर्गिस झोर्बास. 1917 मध्ये कझांझाकिस यांनी दक्षिण ग्रीसमधील मानी भागात लिग्नाइट कोळशाची खाण चालवण्याचा खटाटोप केला, तेव्हा कामगारांवर देखरेख करायला हाच झोर्बास होता. खाण चालली नाही. मैत्री मात्र टिकली, आणि 1919 मध्ये कॉकेशसमधील ग्रीक निर्वासितांना मायदेशी आणण्याचे सरकारी काम कझांझाकिस यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी झोर्बासला सोबत घेतले. 1941 मध्ये झोर्बास वारला. त्याच सुमारास, जर्मन ताब्यातील ग्रीसमध्ये, एजिना बेटावर राहून लेखकाने ही कादंबरी लिहायला घेतली. ती 1946 मध्ये प्रसिद्ध झाली. घटनास्थळ मात्र त्यांनी आपल्या जन्मभूमीत, क्रीट बेटावर नेले आणि योर्गिसचा अलेक्सिस केला.

आता कवीविषयी. कझांझाकिस यांचा जन्म 1883 मध्ये हेराक्लिओन येथे झाला, तेव्हा क्रीटवर तुर्की सत्ता होती. अथेन्सला कायदा शिकून ते पॅरिसला गेले आणि तिथे त्यांनी फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ यांची व्याख्याने ऐकली. कादंबरीकार म्हणून त्यांचे नाव झाले ते साठी ओलांडल्यावर. त्यांच्या स्वतःच्या लेखी जन्माचे काम म्हणजे 1938 मध्ये छापलेले ‘ओडिसी’ हे महाकाव्य : प्राचीन ग्रीक कवी होमरचा नायक ओडिसियस घरी परतल्यावर पुन्हा बाहेर पडतो आणि आफ्रिकेमार्गे दक्षिण ध्रुवाकडे जातो, अशी ही 33,333 ओळींची कथा असून तिचे खर्डे त्यांनी पुन्हा पुन्हा, तब्बल सात वेळा लिहून काढले. ग्रीक लोककाव्याची ओळ पंधरा अक्षरांची. यांनी ती सतरा अक्षरांची केली आणि कोळी, मेंढपाळ यांच्या तोंडचे शब्द त्यात असे पेरले, की अथेन्समधील विद्वानही अडखळले. आमच्या मते काव्य जागोजागी पसरट झाले आहे, पण त्यातील प्रवासाची वर्णने विलक्षण आहेत. ग्रीक येत नसेल, तर किमॉन फ्रायर यांचा 1958 चा इंग्रजी अनुवाद मिळवावा; त्यासाठी अनुवादकाने खुद्द कवीबरोबर बसून काम केले होते.