लिथियम थांबवून को-क्यू-टेन सुरू करावं का?

ताई, भावाचा बायपोलर 'मुळात मायटोकाँड्रियाचा आजार' आहे असं कुणीतरी सांगितलं, म्हणून लिथियम थांबवून को-क्यू-टेन या पूरकाच्या कॅप्सूल द्याव्यात का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून थांबवू नका. लिथियम एकदम सोडलं की मॅनिया, म्हणजे अति उत्साहाचा आणि झोप उडवणारा झटका, परत येण्याचा धोका फार वाढतो. माझ्या धाकट्या दिराने बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात तो सलग तीन रात्री झोपला नाही आणि शेवटी दवाखान्यात ठेवावं लागलं.

पण तुम्ही ऐकलंत ते निराधारही नाही. मायटोकाँड्रिया म्हणजे शाळेत आपण ज्यांना तंतुकणिका म्हणायचो, त्याच; पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जेतला साधारण २० टक्के वाटा तोच खातो. जपानच्या तादाफुमी कातो यांच्या गटाला काही रुग्णांच्या मेंदूत फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे ऊर्जेची राखीव शिल्लक, कमी दिसली. २००० साली त्यांनी बायपोलरच्या मुळाशी मायटोकाँड्रियाचा बिघाड असावा, असं गृहीतक मांडलं. इतरांना मेंदूत लॅक्टेट जास्त आढळलं. पेशीची ऊर्जानिर्मिती नीट चालत नसली की ते साठतं. शिवाय या तंतुकणिका पेशीतलं कॅल्शियमही सांभाळतात, आणि बायपोलरमध्ये कॅल्शियमचा तोल बिघडल्याच्या खुणा मिळाल्या आहेत. तरीही हा बिघाड आजाराचं कारण की परिणाम, हे ठरलेलं नाही, आणि सगळ्याच रुग्णांत तो सापडत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट: प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत लिथियम तंतुकणिकांना मदत करतं असंच दिसतं. म्हणजे ज्यांना जपायचं म्हणून तुम्ही ते थांबवणार, त्यांनाच त्याचा आधार असू शकतो.

पूरक गोळ्यांबद्दल थोडक्यात. ऑस्ट्रेलियात २००८ साली ७५ बायपोलर रुग्णांवर एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन या दुसऱ्या एका पूरकाची चाचणी झाली. २४ आठवड्यांत नैराश्य कमी झालेलं दिसलं, पण नंतरच्या चाचण्यांत तसा फायदा ठळकपणे आला नाही. आणि तिथेही नेहमीची औषधं चालूच होती, हे विसरू नका.

एका ठिकाणी मात्र मायटोकाँड्रियाचा प्रश्न डॉक्टरांसमोर काढायलाच हवा. लिथियम सोसलं नाही तर बऱ्याचदा व्हॅल्प्रोएट हे दुसरं औषध देतात. मायटोकाँड्रियाशी संबंधित पोलजी नावाच्या जनुकात दोष असेल, तर त्या औषधाने यकृत एकाएकी निकामी होऊन जीवही जाऊ शकतो. म्हणून माहेरच्या नात्यात, आई-वडील दोघांच्याही बाजूला, विचारून घ्या: कुणाच्या पापण्या हळूहळू खाली उतरल्या का, डोळे फिरवता येईनासे झाले का, कारण न कळणाऱ्या फिट्स किंवा स्नायूंचा अशक्तपणा होता का, लहान मूल यकृताच्या आजाराने गेलं का. 'हो' आलं तर औषध बदलायच्या आधी सांगा. कॅप्सूलची बाटलीही सोबत न्या, आणि लिथियमची रक्तपातळी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), थायरॉईड शेवटचं कधी तपासलं ते कागदावर लिहून न्या.