फोंड्यातलं दिवंगत वडिलांच्या नावावरचं कौलारू घर विकायचंय; आधी रंगकाम की कागद?

आधी कागद. गोव्याच्या नागरी कायद्यात वारसांच्या नवरा-बायकोंच्याही सह्या विक्रीखतावर सहसा लागतात. एखादी वहिनी दुबईत असली की महिने तिथेच जातात. म्हणून आत्ताच वारसाचा दस्त करून एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या सरकारी नोंदीवर) सगळ्यांची नावं चढवून घ्या. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नाही (गिऱ्हाइकाचा वकील पहिल्याच भेटीत हे सांगेल). आवारात मुंडकार (मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीत घर करून राहणारा) असेल तर तेही लपवू नका. अपवाद फक्त गळक्या छपराचा: फुटके नळे (कौलं) पावसाआधीच बदला. रंग मात्र दिवाळीनंतर. चिऱ्याच्या भिंतीत ओल असताना मारलेल्या रंगाचे पोपडे निघतात आणि गिऱ्हाईक तेवढंच बघून किंमत पाडतं.