शेतमाल कंपनीचा कर्बहिशेब कुठून सुरू करावा?

प्रश्न : आमची शेतकरी उत्पादक कंपनी सभासदांचा टोमॅटो, द्राक्षे आणि भाजीपाला खरेदी करते आणि प्रीकूलिंग (तोडणीनंतर माल लगेच थंड करणे) करून स्वतःच्या शीतगृहातून पुण्यातील एका मोठ्या कंपनीला पुरवते. या खरेदीदाराने आता आमच्या हवामानविषयक कामगिरीचा तक्ता मागितला असून त्यात हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचे स्कोप 1, 2 आणि 3 असे रकाने आहेत. बांधावर झाडे लावा आणि ‘कार्बन न्यूट्रल’ असे लिहून द्या, असे एका सल्लागाराने सुचवले. वेगळा कर्मचारी नेमणे आम्हाला परवडणारे नाही. आम्ही काय करावे?
— एक वाचक, नारायणगाव (ता. जुन्नर)

उत्तर : ‘कार्बन न्यूट्रल’ असे कृपया लिहून देऊ नका. तुमच्या उत्सर्जनाची मोजणी झालेली नसताना ते शून्य झाले असे म्हणायला काहीही आधार नाही, आणि उद्या खरेदीदाराच्या लेखापरीक्षकाने पुरावा मागितला तर अडचणीत तुमची कंपनी येईल, सल्लागार नव्हे.

तक्ता का मागितला जातो हे आधी समजून घ्यावे. बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 शेअर बाजारात सूचिबद्ध कंपन्यांना बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने 2022-23 या आर्थिक वर्षापासून पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे. हे बंधन खरेदीदारावर आहे, तुमच्यावर नाही. मात्र त्याच्या पुरवठा साखळीचा हिशेब शेवटी तुमच्यासारख्यांच्या नोंदींवरच उभा राहतो. त्यामुळे या मागणीकडे कटकट म्हणून न पाहता आपला धंदा तपासण्याची संधी म्हणून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात बिलांच्या फायलीतूनच होते. कंपनीच्या स्वतःच्या गाड्या व जनरेटरसाठी घेतलेले डिझेल आणि शीतगृहाच्या यंत्रणेतून गळालेला थंड करणारा गॅस हे स्कोप 1 मध्ये, म्हणजे थेट उत्सर्जनात येतात. विकत घेतलेली वीज स्कोप 2 मध्ये जाते. भाड्याचे ट्रक, क्रेट व खोकी आणि सभासदांच्या शेतावर मालाच्या उत्पादनात होणारे उत्सर्जन स्कोप 3 मध्ये धरतात. एक लिटर डिझेल जळले की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तर आपल्या ग्रीडवरील विजेच्या एका युनिटमागे हा आकडा साधारण 0.7 किलो आहे. इथपर्यंतचे गणित तुमचा हिशेबनीस एका बैठकीत करू शकेल.

खरी मेख आहे ती न दिसणाऱ्या दोन गोष्टींत. पहिली गोष्ट युरियाची. 45 किलोच्या एका गोणीत सुमारे 20.7 किलो नत्र असते, आणि आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या सर्वसाधारण पद्धतीनुसार त्यातील एक टक्का नत्र जमिनीतून नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत जाते, असे धरले जाते. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापमानवाढ घडवणारा असल्यामुळे एवढ्याशा गळतीचे वजन 89 किलो कार्बन डायऑक्साइडइतके भरते. युरियातला स्वतःचा कार्बन सुटतो त्याचे आणखी 33 किलो. म्हणजे एक गोणी शेतात पडली की सुमारे 45 लिटर डिझेल जाळल्याइतका परिणाम होतो, आणि कारखान्यात ती तयार होतानाचे उत्सर्जन यात धरलेलेच नाही. म्हणून सभासदांकडून पीकनिहाय एकरी किती गोण्या टाकल्या याची नोंद घ्या. माती परीक्षणाप्रमाणे मात्रा ठरवणे आणि ती ठिबकमधून हप्त्याहप्त्याने देणे यासाठी नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. यात उत्सर्जन घटते आणि शेतकऱ्याचे पैसेही वाचतात.

दुसरी गोष्ट शीतगृहातल्या गॅसची. ‘कूलिंग कमी झाले, गॅस भरून घेतला’ हे वाक्य आपण सहज बोलतो, पण भरलेला गॅस म्हणजे आधी गळून गेलेला गॅस. आर-404ए या प्रचलित गॅसची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 3,900 पट आहे. तो पाच किलो गळाला तरी साडेएकोणीस टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो, जो सात हजार लिटरपेक्षा जास्त डिझेल जाळल्याच्या बरोबरीचा आहे. त्यामुळे मेकॅनिकच्या प्रत्येक बिलावर गॅसचे नाव आणि वजन लिहून घेण्याचा आग्रह धरा, गळतीची जागा सापडून दुरुस्त होईपर्यंत नुसता गॅस भरू देऊ नका, आणि पुढे नवे शीतगृह उभारायचे झाल्यास अमोनियाच्या यंत्रणेचा विचार करा. अमोनियाला सुरक्षेची कडक व्यवस्था लागते, पण त्याचा तापमानवाढीशी जवळजवळ संबंध नाही.

एकूण आकड्याबरोबर ‘विकलेल्या दर टनामागे उत्सर्जन’ हा आकडाही काढावा. अवकाळी पावसाने किंवा क्रेट हाताळण्यातल्या हलगर्जीपणाने माल खराब झाला, तर त्यासाठी वापरलेले खत, पाणी आणि डिझेल खर्च झालेलेच असते. फक्त विक्रीयोग्य माल घटतो आणि दर टनाचा भार वाढतो. तोडणी सकाळी लवकर करणे, माल सावलीत ठेवणे आणि प्रीकूलिंगला उशीर न करणे ही माझ्या मते तुमच्या हाती असलेली सर्वांत स्वस्त हवामानविषयक सुधारणा आहे. नासाडीचे वजन रोज लिहिले जाते का, ते आजच पाहा.

झाडे जरूर लावा. मात्र त्यांनी शोषलेला कार्बन वेगळा दाखवायचा असतो, तो उत्सर्जनातून परस्पर वजा करायचा नसतो. पाण्यासाठी कुकडीचे आवर्तन, विहीर आणि बोअर यांची पीकनिहाय नोंद ठेवली तरी पहिल्या वर्षी पुरेसे आहे.

प्रश्न : आमच्या गुऱ्हाळात इंधन म्हणून उसाचे चिपाड वापरतो. गुळाच्या पाकिटावर ‘शून्य उत्सर्जन’ असे छापले तर चालेल का?
— एक वाचक, दौंड

उत्तर : चालणार नाही. चिपाड जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड उसाने हवेतूनच घेतलेला असल्याने तो हिशेबात स्वतंत्र दाखवतात, हे खरे. पण त्याबरोबर निघणारे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मोजावेच लागतात, शिवाय उसाला दिलेले खत, पंपाची वीज आणि वाहतूक आहेच. चिपाड ओले असले की ज्वलन अर्धवट होते आणि धूर वाढतो, म्हणून ते नीट वाळवूनच चुलाणात घालावे. काही ठिकाणी जुने टायर आणि प्लास्टिक जाळले जाते. तसे तुमच्याकडे अधूनमधून होत असेल तर ते ताबडतोब थांबवा, कारण त्याचा विषारी धूर आधी तुमच्याच कामगारांच्या छातीत जातो.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2024 मध्ये पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना जारी केल्या असून अशा दाव्यांना पडताळता येईल असा पुरावा लागतो. पाकिटावर ‘इंधन म्हणून फक्त उसाचे चिपाड वापरले आहे’ एवढेच छापा, अर्थात ते वर्षभर खरे राहणार असेल तरच. ज्यांचा ऊस घेता त्यांना पाचट न जाळता खोडव्यात आच्छादन म्हणून ठेवायला सांगा, आणि ते कोणी केले याची शेताच्या गट क्रमांकानुसार यादी आपल्या दप्तरी ठेवा.