महाबळेश्वर की नवी वाट?

पहिल्यांदाच आई-वडिलांना घेऊन निघतोयस, तर महाबळेश्वरला नाही म्हणू नकोस. जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पडणारं पाणी आईला बघायचं असेल, तर तो दिवस तिचाच. मी कितीदा गेलोय, अजून कंटाळलो नाही.

पण एक दिवस नव्या वाटेला ठेवच. साताऱ्याहून सज्जनगड, पुढे ठोसेघरचा धबधबा, मग चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, सगळं एकाच रस्त्याला. गडाच्या पायऱ्या तेवढ्या सावकाश चढा, बाबांच्या गुडघ्यांना जप.

वासोटा किल्ला मात्र मित्रांसोबत, हिवाळ्यात कर. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून लाँचने जायचं, गर्द जंगलातून चढायचं, उजेडात परतायचं. पावसाळ्यात तो बंद असतो. बामणोली सकाळी लवकर गाठ, परवानगी काढण्यात वेळ जातो.