वेब्ली मार्क सहा रिव्हॉल्व्हरमध्ये .४५ एसीपी काडतूस वापरावे का?

आपण लिहिता की टेक्सासमध्ये आपण १९१७ सालचे वेब्ली मार्क सहा रिव्हॉल्व्हर विकत घेतले आहे, विक्रेत्याने त्यासोबत अर्धचंद्राकृती क्लिपा (मागे कड नसलेली काडतुसे धरून ठेवणाऱ्या पातळ पट्ट्या) दिल्या आहेत आणि दुकानात मिळणारे .४५ एसीपी (मुळात कोल्ट पिस्तुलासाठीचे) काडतूस त्यात खुशाल चालवा असे सांगितले आहे. माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे की कारखान्यात भरलेले .४५ एसीपी काडतूस या रिव्हॉल्व्हरमध्ये एकदाही चालवू नका. मी पेन्सिल्व्हेनियात राहतो, गेली अठरा वर्षे अशाच एका वेब्लीने नेमबाजी करतो आणि तिची काडतुसे स्वतः भरतो.

मार्क सहा हे १९१५ मध्ये ब्रिटिश लष्कराने स्वीकारलेले रिव्हॉल्व्हर .४५५ वेब्ली काडतुसासाठी घडवलेले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ही रिव्हॉल्व्हरे अमेरिकेत मोठ्या संख्येने आली, पण त्यांची काडतुसे इथे मिळेनात. म्हणून व्यापाऱ्यांनी सिलिंडरची, म्हणजे काडतुसे बसतात त्या फिरत्या भागाची, मागची बाजू थोडी घासून .४५ एसीपी काडतूस क्लिपेसह त्यात बसेल अशी सोय केली. सोय बसण्याची झाली, झेपण्याची झाली नाही. .४५५ काडतुसाचा कमाल दाब दर चौरस इंचाला सुमारे १३,००० पौंड धरला जातो, तर .४५ एसीपीची मान्य मर्यादा २१,००० पौंड आहे. कारखान्यातून बाहेर पडताना शस्त्राची जी कसोटी घेतात, ती एकदाच आणि मुद्दाम जादा दाबाने घेतात, साधे .४५ एसीपी काडतूस या जुन्या रिव्हॉल्व्हरला दर बाराला जवळपास त्याच कसोटीतून नेते. सिलिंडर थांबवणाऱ्या खाचा चेंबरच्या (सिलिंडरमधल्या एकेका काडतुसाच्या भोकाच्या) पातळ भिंतीवर कोरलेल्या असतात आणि तडा बहुधा तिथूनच सुरू होतो. माझ्या ओळखीच्या एका नेमबाजाच्या वेब्लीत तो केसाएवढा तडा मी स्वतः पाहिला आहे. पन्नासेक बार तिने निमूट सोसले होते, आणि ‘आजवर काही झाले नाही’ या युक्तिवादावर माझा विश्वास त्या दिवसापासून उरला नाही. ‘प्लस पी’ असे लिहिलेल्या, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाच्या, काडतुसांचा तर विचारही करू नये.

दाबाइतकीच महत्त्वाची बाब गोळीची आहे, आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये चेंबरचे पुढचे तोंड .४४९ इंच आहे, पण नळीचा आट्यांमधला (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खोबणींमधला) व्यास .४५४ इंच आहे. मूळची २६५ ग्रेनची गोळी मऊ शिशाची आणि बुडाशी पोकळ होती. ती अरुंद तोंडातून सहज निघे आणि मागच्या वायूच्या दाबाने फुगून आटे धरत असे. तांब्याचे कवच असलेली .४५१ इंचाची एसीपी गोळी आधी त्या तोंडात आवळली जाते, त्यामुळे दाब आणखी वाढतो, आणि पुढे रुंद नळीत सैल पडते. म्हणून ‘तीच गोळी ठेवून दारू कमी करतो’ हा उपायही मी सुचवणार नाही, कारण कमी दारूवर कवचवाली गोळी नळीतच अडकू शकते आणि तिच्यामागून दुसरा बार झाला तर नळी फुटते.

आपल्या घासलेल्या सिलिंडरसाठी मला सर्वांत योग्य वाटते ती .४५ ऑटो रिम पुंगळी (गोळी आणि दारू जिच्यात भरतात ते धातूचे नळकांडे). ही १९२० च्या सुमारास निघालेली जाड कडेची पुंगळी आहे, त्यामुळे क्लिप लागत नाही आणि घासून गेलेली जागा तिची कड भरून काढते. (मूळ .४५५ काडतुसाची कड पातळ असल्याने ते आता आपल्या सिलिंडरमध्ये पुढे सरकते आणि टोपीवर (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या भागावर) घाव नीट बसत नाही.) तिच्यात मऊ शिशाची, शक्य तर पोकळ बुडाची, २५० ते २६५ ग्रेनची गोळी वापरावी आणि वेग सेकंदाला ६०० ते ६५० फुटांच्या आसपास ठेवावा. दारूचे माप मी इथे मुद्दाम देत नाही. ते दारू बनवणाऱ्या कंपनीच्या छापील कोष्टकातूनच घ्यावे, त्यातही जिथे दाबाचा आकडा दिलेला आहे आणि तो १३,००० च्या खाली आहे तेच माप निवडावे. या मापाला पुंगळीचा बराच भाग रिकामा राहतो, म्हणजे चुकून दोनदा ओतलेली दारूही तिच्यात मावते; गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत उजेडात डोकावून पाहण्याची सवय मी कधीही मोडत नाही.

मात्र हे सर्व पहिल्या बारापूर्वी जाणकार शस्त्रदुरुस्तकाने सिलिंडरच्या खाचा, बिजागरी, वरची कडी आणि प्रत्येक चेंबर नळीशी नेमके जुळते का हे तपासल्यानंतरच. विक्रेत्याने आधी किती एसीपी काडतुसे चालवून पाहिली होती, हे आपल्याला ठाऊक नाही. तसेच हा सल्ला १८८७ च्या मार्क एकला लावू नये. ते काळ्या दारूच्या काळातले शस्त्र आहे.

भारतातील नातेवाइकांकडे असे रिव्हॉल्व्हर असल्याचा उल्लेखही आपण केला आहे. तिथे .४५५ काडतूस चालवू शकणारे रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित बोअरमध्ये (कायद्याने निर्बंध घातलेल्या नळीच्या मापांमध्ये) मोडते, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न काडतुसाचा नसून परवान्याचा आहे, आणि तो त्यांनी जिल्ह्याच्या परवाना अधिकाऱ्याकडेच न्यावा.